मेव्हिसचा नेम

"वर टाक गं, वरच्या अंगाला! त्यांच्या डोक्यात काय घालतेस?"

पुलाच्या कठड्यावर कोपरं टेकून विल्फ मेटकाफ ओरडत होता. खाली स्वेल नदीच्या काठावर मेव्हिस उभी होती. एका हातात बेकरीची कागदी पिशवी, दुसऱ्या हातात भिजलेल्या पावाचा लगदा. पहिला गोळा तिने नीट रोखून समोर, पाण्यावर ओणवलेल्या विलोच्या झाडाखाली भिरकावला होता आणि तो धप्पकन तिथेच बुडाला होता.

"मासे विलोखाली असतात, असं तूच म्हणालास ना?"

"असतात. म्हणून काय दगड मारायचा त्यांना? वरून सोड. पुढचं नदी बघून घेईल. तिला करू दे की तिचं काम."

मेव्हिस चार पावलं प्रवाहाच्या वरच्या अंगाला गेली. दुसरा गोळा तिने हलकेच काठाशी सोडला. लगदा पाण्यात उकलला, दुधासारखा पांढुरका ढग झाला आणि पावाचे कण एकामागून एक प्रवाहाबरोबर निघाले, ते थेट विलोच्या फांद्यांच्या अंधारात शिरले.

"हां! आता शिकलीस."

"पण खाल्ला का कोणी? मला तर काही दिसलं नाही."

"दिसले तर ते चब कसले?" विल्फ हसला. "जा आता कामावर. उद्या पुन्हा ये."

चब हा मासा म्हणजे एकाच कातडीत कोंबलेले दोन स्वभाव. तोंड हे एवढं मोठं, पांढऱ्या जाड ओठांचं, आणि खायला काहीही चालतं. पाव चालतो, चीज चालतं, काठावरून गळून पडलेली फळं चालतात, गोगलगाय चालते. पण भित्रा इतका, की काठावर कोणाची सावली पडली तरी जो मुळांच्या सांदीत दडतो तो दिवसभर बाहेर यायचं नाव घेत नाही. मेव्हिसच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, हे तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिच्या लेखी नवऱ्याचा हा नाद म्हणजे ओले मोजे आणि फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवलेला वळवळत्या अळ्यांचा डबा. त्या डब्यावरून संसारात जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशावरून झाली नव्हती.

क्लिफ जन्मभर दुधाची गाडी चालवत आला होता. पहाटे डोंगरातल्या शेतांवरून दूध गोळा करायचं, दुपारी घरी यायचं, नि मग नदी. ऑगस्टमध्ये एका शेताच्या फाटकाशी तो उतरला आणि तिथेच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात मेव्हिस रोज त्याच्या उशाशी बसे. देवापाशी ती मोठं काही मागत नसे. एक शब्द बोलू दे, एवढंच म्हणे.

आणि एक दिवस तो बोलला. जिभेला दगड बांधल्यासारखा तो शब्द आला. "पाव."

नर्सला कोण आनंद झाला! ती धावत जाऊन कडा कापलेला, लोणी लावलेला पाव घेऊन आली. क्लिफने डाव्या हाताने ती बशी खाटेवरून खाली ढकलली. डोळ्यांत पाणी आणून तो पुन्हा म्हणाला, "पाव. विलो."

मेव्हिसने हे विल्फला सांगितलं. क्लिफ आणि तो शाळेपासूनचे मित्र, नदीवरही जोडीचे. विल्फ आधी खो खो हसला, मग त्याने रुमाल काढला.

"तो खायला मागत नाहीये गं. जागा राखायला सांगतोय. विलोखालची जागा त्याची. मासे धरणाऱ्यांच्या सगळ्या क्लबला माहीत आहे, तिथं दुसरा कोणी गळ टाकत नाही. पण माशांना कुठं माहीत आहे? रोज थोडं खाणं पडलं नाही तर ते खाली धरणाकडे निघून जातील. मग हा बरा होऊन येईल तेव्हा जागा रिकामी."

"तू टाक ना मग."

"मी टाकीन. पण त्यानं तुला सांगितलंय, मेव्हिस."

तर असा तो नेम सुरू झाला. मेव्हिस देवळात जाणारी बाई. सकाळी उठली की स्वयंपाकघरातल्या खुर्चीशी गुडघे टेकून प्रार्थना केल्याशिवाय चहाचं आधण ठेवायची नाही. नेम म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती बेकरीच्या दुकानात कामाला होती. आदल्या दिवशीचे उरलेले पाव मालक तिला देई. प्रार्थना, चहा, मग कुरणातली चिखलाची पायवाट, मग पाव, मग दुकान. ऑक्टोबरात पूर आला तेव्हा काठापर्यंत जाता येईना. तिने फाटकावर चढून पाव टाकला. जानेवारीत काठाला बर्फाची किनार धरली. तिने काठीने बर्फ फोडून टाकला. बहिणीच्या दफनाला रिचमंडला जायचं होतं त्या सकाळी काळा कोट, काळी हॅट अशा वेशात ती नदीवर उभी होती. पुलावरून जाणारा पोस्टमन थट्टेने ओरडला, "काय मेव्हिस, बदकं लठ्ठ झाली का?"

"तुझ्याइतकी नाहीत अजून!" तिने खालून उत्तर दिलं.

क्लिफ नाताळच्या आधी घरी आला, चाकाच्या खुर्चीतून. बोलणं सुटलं होतं, पण सावकाश, शब्द चाचपत. उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा. आपल्या गळाच्या काठ्यांकडे त्याने पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या आडव्या खिळ्यांवर टांगलेल्या होत्या. तो खुर्ची अशी फिरवून घ्यायचा की त्या पाठीमागे याव्यात. मेव्हिस नदी, दुकान करून घरी आली की तो काही विचारायचा नाही. तीही काही सांगायची नाही. पिशवीतला पावाचा चुरा फक्त ती त्याच्या देखत झटकायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दुकानातून लवकर सुटली म्हणून ती घरी आली, तर हा गडी खुर्चीत बसून, काठीचा दांडा दोन्ही मांड्यांत घट्ट आवळून, डाव्या तळव्याने रिळाला टपल्या मारत होता. जुनं, मोठ्या चाकासारखं रीळ ते. टपली मारली की गरकन फिरायचं आणि दोरी गुंडाळली जायची. काठी त्याने खाली कशी काढली हे देवालाच ठाऊक. कपाळावर घाम होता.

"काय बघतेस?"

"काही नाही बाबा." ती सिंकशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून भांडी धुऊ लागली. धुतलेलीच भांडी.

पाठीमागून तो म्हणाला, "चौदा तारखेला नेशील?"

चौदा मार्च. त्या रात्री नदी बंद होते. माशांची वीण व्हावी म्हणून जूनच्या मध्यापर्यंत कोणी गळ टाकायचा नाही, असा कायदाच आहे.

"नेईन की."

"एकदाच. एक चब माझा मी गळाला लावणार. कोणी काठी धरायची नाही, कोणी माझ्यासाठी गळ टाकायचा नाही. नाही जमलं, तर काठ्या विल्फला. भिंतीवर टांगून रोज बघत बसायचं नाहीये मला."

मेव्हिसने बशी पुसली, पुन्हा पुसली. काठ्या गेल्या म्हणजे भिंत रिकामी होईल. खुर्ची कुठेही वळवली तरी चालेल. आणि मग हा माणूस खुर्चीत बसून कशाची वाट बघेल, हे तिला दिसेना.

चौदा तारखेला आभाळ करडं होतं, वारा पडलेला. आठवडाभराच्या पावसानंतर पाणी उतरत होतं, चहात दूध कमी पडावं त्या रंगाचं. "याहून चांगलं पाणी मागून मिळत नाही," असं म्हणत विल्फने खुर्ची कुरणातून ढकलली. चिखलात फळ्या टाकल्या, फळ्यांवरून ती काठाशी आणली आणि चाकांखाली दगड लावले. मेव्हिस मागून थर्मास, घोंगडी आणि पावाची पिशवी घेऊन येत होती.

"तू तिथंच थांब," क्लिफ दबक्या आवाजात म्हणाला. "त्या झुडपामागं. आणि हलू नकोस. गवत वाकलं तरी त्यांना कळतं."

"बरं."

"विल्फ, तूही बस खाली. घोड्यासारखा उभा राहू नकोस."

"बसतो रे बाबा. श्वास घेऊ का?"

"थोडा घे."

मेव्हिस झुडपामागे घडीच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत नवऱ्याला गळ टाकताना ती पहिल्यांदाच बघत होती. पिशवीतला चिमूटभर पाव त्याने डाव्या हातानेच गळाला दाबून बसवला, गळ खुर्चीच्या हातावर टोचून धरून. काठी काखेत घेतली. झोका देऊन दोरीवरचं तरंगतं बूच वरच्या अंगाला पाण्यावर सोडलं आणि अंगठा रिळाच्या कडेवर ठेवला.

बूच निघालं. तांबड्या शेंड्याचं एवढंसं बूच, पण ते जसं चाललं होतं ते पाहून मेव्हिस स्टुलाच्या कडेवर सरकली. पाणी नेईल तसं ते वाहत नव्हतं. क्लिफचा अंगठा त्याला किंचित मागे धरत होता, बाजारातल्या गर्दीत लेकराला बोटाशी धरावं तसं. त्यामुळे पावाचा तुकडा पुढे, बूच मागे, असं ते विलोच्या फांद्यांना घासून अलगद गेलं. फांदीला अडकेल असं वाटे तेव्हा तो काठीच्या टोकाने दोरी उचलून पलीकडे टाकी. अर्धं शरीर गेलेल्या माणसाच्या एका अंगठ्यात सगळी नदी आली होती. हा माणूस आपल्या ताटात वाटाणे सांडतो, गुंड्या लावताना रडकुंडीला येतो, हे तिला क्षणभर खरं वाटेना.

बूच खालपर्यंत गेलं. काही नाही. काठीचा दांडा मांड्यांत आवळून तो टपल्या मारत दोरी गुंडाळू लागला. टप, टप, टप. पुन्हा पाव, पुन्हा झोका.

तासभर तेच चाललं. मग आणखी तासभर. विल्फ मधूनमधून वरच्या अंगाला पावाचा लगदा सोडत होता. बूच जायचं, यायचं. क्लिफचा अंगठा आता चुकू लागला होता आणि बूच दोनदा फांदीत गुंतलं. विल्फ उठायला गेला तसा क्लिफ म्हणाला, "हात लावलास तर नदीत ढकलीन." आणि मग स्वतःच काठी हलवून हलवून सोडवलं.

"पाणी गार आहे अजून," विल्फ म्हणाला. "दुपारनंतर..."

"दुपार झाली."

"एवढ्यात काय..."

"नाहीत ते इथं." क्लिफने मान वळवली. झुडपाकडे बघून त्याने विचारलं, "मेव्हिस. रोज टाकत होतीस ना?"

झुडपाला नवी पालवी फुटत होती, त्यातला एक कोंब तिने नखाने उगाचच खुडला.

"रोज," ती म्हणाली.

"एकही दिवस..."

"क्लिफ!" विल्फ चिडून म्हणाला. "अरे तिच्या बहिणीला मातीत ठेवलं त्या दिवशीसुद्धा ती इथं होती. मी बघितलंय. विचारतोस काय असं?"

क्लिफने मान खाली घातली. "तसं नाही म्हटलं मी." मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, "गुंडाळ, विल्फ. काठ्या तुझ्या झाल्या. रिळाला दर महिन्याला तेल दे."

विल्फ जागचा हलला नाही. शेवटी मेव्हिस उठली. आता गप्प बसून कोणाचं काय भलं व्हायचं होतं? निदान दोघांना चहा तरी द्यावा म्हणून ती थर्मास घेऊन काठाकडे आली. काठाला एक सपाट धोंडा होता, रोज ती त्यावर उभी राही. चिखलाचे बूट घेऊन ती जशी घरात जात नसे, तशी त्या धोंड्यावरही चढत नसे. सवयीने तिने धोंड्याच्या कडेवर आधी एक बूट आपटला, मग दुसरा. धप्प. धप्प.

"झालं!" क्लिफ कळवळून ओरडला. "आता खालच्या धरणापर्यंत एक चब राहायचा नाही. अगं बाई, जमीन हादरली!"

मेव्हिस ओशाळून काही बोलणार, तोच तिला विलोखालचं पाणी हललेलं दिसलं. फांद्यांच्या अंधारातून एक लांब सावली बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. काठाच्या दिशेने थोडी वर येऊन त्या थबकल्या, तोंडं प्रवाहाकडे करून. हे तर रोजचंच. ती बूट झटकते, ते बाहेर येतात, ती पाव सोडते, ते खातात. मासे असेच असतात अशी तिची समजूत होती. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटून ती कोणाला बोललीच नव्हती.

"ते माझी वाट बघत होते," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"ते बघ ना. मी बूट आपटल्याशिवाय ते जेवायला येत नाहीत."

दोघांनी पाण्याकडे पाहिलं. विल्फच्या तोंडून शिवी बाहेर पडणार होती, मेव्हिस देवळातली बाई म्हणून त्याने ती गिळली. क्लिफचं तोंड उघडंच राहिलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी या काठावर रांगत येतोय. गुडघे फुटले माझे. आणि ही बाई..."

"बोलत काय बसलास? टाक!" मेव्हिस म्हणाली. आणि तिने पुन्हा दोन्ही बूट आपटले, चांगले दणकून, मग वाकून मूठभर लगदा वरच्या अंगाला सोडला. "घ्या रे. उशीर झाला आज."

पावाचा ढग निघाला. त्याच्या मागोमाग क्लिफने बूच सोडलं. अंगठा रिळावर. बूच धोंड्यासमोरून गेलं, सावल्यांवर आलं, आणि नव्हतंच. बुडालं असं दिसलंही नाही. क्लिफने काठी वर उचलली आणि ती मधोमध वाकली.

"लागला!" विल्फ हातजाळं घेऊन खाली धावला.

पहिली धाव त्या माशाने मुळांकडे घेतली. क्लिफने रिळावर अंगठा दाबला, काठी आडवी केली, सगळं अंग खुर्चीत एका बाजूला झुकवलं. मासा थांबला. पण आता दोरी घ्यायची कशी? काठी मांडीत ठेवली तर मासा मुळांत जाणार. हातात धरली तर रीळ फिरवायला हात नाही. दोरी सैल पडू लागली. विल्फ पाण्यात पोटरीएवढा उतरून उभा होता, त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मेव्हिस," क्लिफ म्हणाला. त्याच्या रिळाला आजवर कोणी बोट लावलेलं नव्हतं. विल्फनेही नाही. "इकडं ये. माझ्या उजवीकडं. रीळ फिरव."

ती धावत त्याच्या उजव्या अंगाला आली. मांडीवर पडलेला तो निर्जीव हात तिने अलगद बाजूला केला आणि तिथे आपला हात घातला.

"घे. घे. हळू! अगं, लोकर नाही गुंडाळायची. आता सोड, जाऊ दे त्याला. हां. आता घे."

"किती ओरडतोस रे!"

"घे गं!"

डावा हात त्याचा, उजवा तिचा. तो काठी टेकवी तेव्हा ती दोरी घेई, तो उचले तेव्हा ती थांबे. थोड्या वेळाने तो काही सांगेनासाच झाला आणि तरी दोघांचे हात चुकत नव्हते. मासा पितळेसारखा चमकून एकदा पालथा झाला, त्याचं पांढरं तोंड वर आलं आणि विल्फने जाळं खाली सरकवलं.

"आई गं, केवढा हा! थांब, वजन करतो."

"नको," क्लिफ म्हणाला. "मला खाली घ्या."

खुर्ची पाण्याच्या कडेला आणून विल्फने ती मागून घट्ट धरली. क्लिफ पुढे ओणवला आणि त्याने डावा हात पाण्यात घातला. गळ सुटलेला मासा त्याच्या तळव्यावर प्रवाहाकडे तोंड करून टेकला. कल्ले उघडत, मिटत होते. घाई कोणालाच नव्हती. मग माशाने शेपूट एकदा हलवली आणि तो विलोखाली निघून गेला.

घरी आल्यावर विल्फ कोणाला काही न विचारता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चढला आणि काठ्या पुन्हा खिळ्यांवर टांगून, चहालाही न थांबता, ओल्या विजारीने निघून गेला.

संध्याकाळी मेव्हिसने टेबल मांडलं. दोन बश्या, कुस्करलेले बटाटे, भाजलेलं मटण. रोजच्याप्रमाणे कोमट पाण्याचं तसराळं, साबण आणि टॉवेल घेऊन ती क्लिफशेजारी बसली आणि हात पुढे केला. त्याने आपला डावा हात छातीशी ओढून घेतला.

"आज राहू दे."

हाताला नदीचा आणि माशाचा वास होता. तळव्यावर चिकट थर वाळून पापुद्रा धरला होता, अंगठ्याच्या पेराशी एक खवला चिकटलेला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने कोणाला असे हात घेऊन टेबलाशी बसू दिलं नव्हतं.

तिने तसराळं उचलून सिंकमध्ये ओतलं. टॉवेल घडी करून ठेवला. मग त्याच्या शेजारी बसून, जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी, तिने तो हात तसाच आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटले.